दिवा जळत नाही, तेवतो

आमच्या घरात दिव्याबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती. दिवा लागला, गेला, मोठा झाला, बारीक झाला, काहीही म्हणा, अप्पांची दुरुस्ती आलीच.

अप्पा धारवाडच्या कोर्टात वकिली करायचे. दिवसभर कानडीत आणि इंग्रजीत बोलून घसा बसवून घ्यायचे. घरात पाऊल टाकलं की मात्र चक्क मराठीचे राखणदार. पक्षकार पुढच्या खोलीत बसलेला असला तर त्याच्याशी कानडी. मधलं दार ओलांडून आत आले की मराठी, तीही अशी तोलूनमापून की समोरच्याला वाटावं आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहोत.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाची गोष्ट. नव्वदच्या दशकात धारवाडची वीज संध्याकाळी जायची म्हणजे जायचीच. मी आतल्या खोलीत कंदील घेऊन ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या विक्रिया पाठ करत होते. कंदिलातलं तेल संपत आलं, म्हणून स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "आई, तिकडची मेणबत्ती जळतेय का गं अजून?"

आईचं उत्तर यायच्या आत अप्पा दारात. पुढे नवलगुंदकडचे एक पक्षकार जमिनीच्या वाटणीचे कागद घेऊन बसले होते. त्यांच्यासमोरचा दिवाच अप्पा हातात घेऊन आले होते.

"जळतेय?"

"हो, म्हणजे विचारतेय."

"जळतं ते सरण. जळतो तो माणूस, शेजाऱ्याचं बरं झालं की. मेणबत्ती तेवते."

"अप्पा, उद्या माझा पेपर आहे."

"मग? पेपर असला की मराठीला सुट्टी?"

मी वैतागून म्हटलं, "मेण जळतं अप्पा. ज्वलन म्हणतात त्याला. हवेतला ऑक्सिजन लागतो त्याला. पुस्तकात आहे."

"मेण जळत असेल. ज्योत तेवते. तू मेणाबद्दल विचारलंस की उजेडाबद्दल?"

हे असं. त्यांच्याकडे कायम उत्तर असायचं, आणि ते बरोबरही असायचं, हाच खरा जाच होता. मग दिवा हातात धरून उभ्या उभ्या व्याख्यान. तेवणं म्हणजे नुसतं पेटलेलं असणं नव्हे. ज्योत हलत नाही, भडकत नाही, काजळी धरत नाही, कुणी बघत नसलं तरी तिचं उजेड देणं चालू असतं, त्याला तेवणं म्हणायचं. सूर्य तेवत नाही, तळपतो. तारे लुकलुकतात. निखारा धुमसतो. सोनं झळकतं, ओला दगड चकाकतो. तेल संपत आलं की कंदील मिणमिणतो, जसा तुझा आत्ता मिणमिणतोय.

"आणि ट्यूबलाइट?" मी मुद्दाम विचारलं.

"ती लागते. तिला स्वतःचं क्रियापद मिळायला अजून शंभर वर्षं आहेत."

तेवढ्यात आई मेणबत्ती घेऊन आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, ते गृहस्थ बाहेर अंधारात बसलेत."

अप्पांना या एका बाबतीत एवढं काय टोचायचं, ते मला फार उशिरा कळलं. कळल्यावरही माझा वैताग कमी झाला नाही, पण निदान त्याचं मूळ सापडलं. आमचं घराणं कित्येक पिढ्या धारवाडात. पुण्याच्या नातेवाइकांकडे लग्नकार्याला गेलं की आमची मराठी हा तिथल्या लोकांचा फराळ. "काय करायलायस?" एवढं कुणी आमच्यातलं म्हणालं की मांडवभर हशा. अप्पा तरुण असताना एका लग्नात पंगतीत काहीतरी बोलले, आणि कुणीतरी म्हणालं, "वकील, भाषांतर करून सांगा." अप्पा तेव्हा हसले म्हणे. पण त्या लग्नाहून आले ते शब्दकोश विकत घेऊनच. त्यानंतर त्यांनी पुणेकरांच्या वरताण मराठी कमावली आणि त्या हशाचा वचपा आमच्यावर काढला. आई मिरजेची. तिची मराठी जन्माची चांगली, पण तिच्याही चुका निघायच्या. आणि घरात कानडीचा एक शब्द चालायचा नाही. भाजीवाली दारात आली की आई बोटांनी आणि हातवाऱ्यांनी व्यवहार करायची. शिकायची इच्छा होती तिला. अप्पा म्हणायचे, "तुला काय करायचंय? मी आहे ना."

याचा कळस हुबळीत झाला. तिथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. पाहुणे पुण्याहून आले होते, चांगले वक्ते होते. समईला ज्योत लावून शेवटी ते म्हणाले, "परमुलखात लावलेला मराठीचा हा दिवा असाच जळत राहो." टाळ्या सुरू झाल्या. आणि दुसऱ्या रांगेतून अप्पा उठले.

आईने त्यांच्या कोटाचं टोक धरलं होतं, ते सुटलं.

"क्षमा करा," अप्पा म्हणाले, "तेवत राहो."

"काय?"

"दिवा तेवत राहो. जळत नव्हे."

पाहुणे हसून म्हणाले, "अहो वकीलसाहेब, अर्थ पोचला ना?"

"अर्थ तर भुंकण्यालाही असतो," अप्पा म्हणाले आणि बसले.

काहीजण नंतर अप्पांचा हात हातात घेऊन अभिनंदन करून गेले; पण मंडळाच्या चिटणीसांनी आम्हाला चहालाही थांबवलं नाही. परतीच्या बसमध्ये उणकलचं तळं मागे पडलं. आई खिडकीकडे बघत एवढंच म्हणाली, "पुण्याच्या माणसाची चूक काढली. आता झोप लागेल ना?" अप्पा खरोखर खुशीत होते. धारवाड येईपर्यंत ते गुणगुणत होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तोवर विद्यानगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. रोज धारवाडहून हुबळीला बसने जायचे. एके सकाळी अप्पा दाढी करत होते. आरशासमोर उभे असताना त्यांच्या उजव्या हातातून वस्तरा पडला. उचलायला वाकले आणि तिथेच बसले. मी धावत गेले, तर ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते, आणि जे बाहेर पडत होतं त्याला शब्द म्हणता येत नव्हतं. नुसता आवाज, त्यांच्याच बोलण्याच्या चालीतला, पण आत काही नसलेला.

हुबळीच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतला रक्तपुरवठा अडला, डावी बाजू, म्हणून उजवा हात गेला आणि भाषा गेली. जीव वाचला. हात काही प्रमाणात येईल. भाषेचं सांगता येत नाही.

पहिले काही दिवस ते बोललेच नाहीत. मग एका दुपारी आई त्यांना ओल्या फडक्याने पुसून घेत होती, आणि ते अडखळत म्हणाले, "हालु."

"हळूच करतेय हो," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला शब्द आला होता.

"हालु!"

आईने हात आणखी हलका केला. अप्पा चिडले. "हालु! हालु!" आई बिचारी पिसाने पुसावं तशी पुसत होती, आणि अप्पा डावा हात पलंगावर आपटत होते. मी म्हटलं, "आई, सोड त्यांना, दुखत असेल." दोघीही बाजूला झालो. अप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वेगळंच. "काल," ते म्हणायला लागले. "काल. काल."

"काल काय अप्पा? काल कोण आलं होतं? काल तुमचे कोर्टातले मित्र आले होते."

"काल!"

"काल औषध बदललं, ते सांगताय?"

ते इतके संतापले की नर्स धावत आली. मी वर्गात चाळीस-पन्नास पोरांना सांभाळून आलेली, सकाळपासून पोटात काही नाही, आणि हा माणूस आयुष्यभर मला शब्द नीट वापर म्हणून छळून आता एकच शब्द माझ्या तोंडावर फेकत होता. माझा तोल गेला. कॉलेजात पोरांवर ओरडायची सवय म्हणून असेल, पण ओरडले ती कानडीत. "एन बेकु अप्पा? सरियागि हेळ्री!" काय हवंय, नीट सांगा.

अप्पा शांत झाले. माझ्याकडे बघून सावकाश, पण स्वच्छ म्हणाले, "कालु नोयतद."

पाय दुखतोय. कालु म्हणजे पाय. उजवा पाय पलंगाच्या कठड्यात अडकून वाकडा झाला होता, तो मी सोडवला. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की काल ते हळू म्हणत नव्हते, हालु म्हणत होते. दूध. त्यांना दूध हवं होतं. हालु म्हणजे दूध हे आईला माहीत नव्हतं असं नाही, गवळी वर्षानुवर्षं रोज दारात तेच ओरडायचा. पण नवऱ्याच्या तोंडून तो शब्द येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसाची एक भाषा आधी परत येते, दुसरी मागे राहते. कुठली येईल हे आपल्या हातात नाही. लहानपणी गल्लीत खेळलेली, कोर्टात रोज वापरलेली, तीच आली असावी.

हे आईला समजावणं माझ्याकडे आलं. तिने ऐकून घेतलं. तोंडाने हो म्हणाली. घरी आल्यावर काही दिवसांनी मात्र फुटली. अप्पा "नीर कोडु, नीर कोडु" करत होते, ती त्यांना आधी औषध, मग टॉवेल, मग चष्मा देत होती, आणि अप्पा प्रत्येक वस्तू ढकलून देत होते. मी बसमधून उतरून आत आले तर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी.

"मुद्दाम करतात," ती म्हणाली.

"आई, मुद्दाम कसं करतील?"

"तीस वर्षं या घरात मला कानडीचा एक शब्द बोलू दिला नाही. माझ्या मराठीतसुद्धा खोट काढली. दिवा लावताना तोंड बंद ठेवायची सवय लावून घेतली मी. आणि आता मला सोडून तिकडे जाऊन बसलेत. मी कुठे जाऊ त्यांच्यामागे?"

बाहेरून परत "नीर कोडु" आलं. मी पाणी नेऊन दिलं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला आम्ही विद्यानगरलाच एका बाईंकडे जायचो. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या आणि नाव विचारायच्या. बाई कानडी, वयाने माझ्यापेक्षा लहान, धीराच्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मधे सांगायचं नाही, शब्द त्यांचा त्यांना सापडू दे. गाय, छत्री, किल्ली, सगळं कानडीत यायला लागलं होतं. एकदा पणतीचं कार्ड निघालं.

"इदेनु?" हे काय, बाईंनी विचारलं.

"दीपा."

"दीपा एन माडतद?" दिवा काय करतो?

"उरीलिक्कत्तद," अप्पा म्हणाले. जळतोय.

"भाळ छलो!" फार छान, बाई म्हणाल्या आणि पुढच्या कार्डाला हात घातला. अप्पांनी कार्ड सोडलं नाही. "अल्ल," ते म्हणाले. नाही. "अल्ल, अल्ल." कपाळावर शीर फुगली. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, उत्तर तर बरोबर होतं.

"बेळग…" अप्पा म्हणाले. "बेळगतद." कानडीतला हा जरा वरचा शब्द, उजळून निघणं, उजेड पसरवणं. आपली सून घर उजळवील म्हणताना लोक तो वापरतात. बाई खूष झाल्या. "बघा, किती छान शब्द सापडला," असं काहीतरी त्या मला कानडीत म्हणाल्या. मीही मान हलवली. अप्पांचं समाधान नव्हतं. कार्ड मुठीत चुरगळायला लागलं होतं.

"ते," ते म्हणाले. "ते… ते…"

मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं ते काय शोधतायत, आणि मला बोलायची बंदी होती. माझे ओठ शिवशिवत होते. बसची वेळ निघून चालली होती. बाहेर पुढचा रुग्ण ताटकळला होता. अप्पांचे ओठ वळले, जीभ दातांना लागली आणि शब्द बाहेर पडला.

"तेल."

त्यांना लगेच कळलं की चुकलं. डावा हात त्यांनी टेबलावर इतक्या जोरात मारला की कार्डांचा गठ्ठा खाली पडला. मग ते रडले. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस, परक्या बाईसमोर, तोंड न झाकता. माझ्याने राहवलं नाही. "तेवतो, अप्पा," मी म्हटलं. "दिवा तेवतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली, आणि म्हणायचा प्रयत्न केला. तेल. तेव्हा. तेरा. नाही आला.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. बाईंनी सांगितलं, एका शब्दामागे लागू नका, माणूस खचतो. मी ऐकलं नाही. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की मी त्यांना खुर्चीसकट समोर बसवायचे आणि विचारायचे. काय करतो दिवा? म्हणा, ते-व-तो. ते कधी प्रयत्न करायचे, कधी नुसते बघत बसायचे. चीड याची यायची की आरती सुरू केली की पहिल्यापासून शेवटपर्यंत ते बिनचूक म्हणायचे, स्वच्छ मराठीत, सुरात. पण आरती संपल्यावर पाणी मागायचं तर "नीर". पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं म्हणे. असेल. मला ते फसवणुकीसारखं वाटायचं.

एका संध्याकाळी मी नेहमीसारखी सुरू झाले तशी अप्पांनी डावा हात वर केला, कोर्टात न्यायाधीशांपुढे हरकत घेताना करायचे तसा.

"साकु," ते म्हणाले. पुरे.

मी उठले. तो प्रयत्न तिथेच संपला. मराठी नंतर थोडी थोडी आली, नावं आली, "भात", "ऊन", "कंटाळा" आलं, आईचं नाव आलं. क्रियापदं बहुतेक कानडीच राहिली. तो शब्द काही आला नाही.

दरम्यान आईने वेगळाच मार्ग धरला होता, आणि मला विचारून नव्हे. आमच्या शेजारी एक कानडी अक्का राहायच्या, मुलं परगावी, दिवसभर एकट्या. मी कॉलेजला गेले की आई कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. आधी मला पत्ताच नव्हता. एके दिवशी लवकर घरी आले तर अप्पांना औषध देताना आई म्हणत होती, "बाय तगी." तोंड उघडा. अप्पांनी मुकाट्याने उघडलं.

आईची कानडी भयंकर होती. ती म्हशीला आदरार्थी बोलायची आणि डॉक्टरांना एकेरी. मिरजेच्या हेलात कानडी, मधे मराठी, शेवटी "हो की नाही" म्हणून मान उडवायची. मी सुधारायला गेले तर म्हणाली, "तू गप्प बस. या घरात सुधारणारा एक पुरे झाला होता." अप्पांनी मात्र तिची एकही चूक काढली नाही. काढता येत नव्हती म्हणून, की काढायची नव्हती म्हणून, मला सांगता येणार नाही. दोघं दुपारी व्हरांड्यात बसून अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत तासन्‌तास काहीबाही बोलायचे. मी समोर आले की थांबायचे. जुन्या काळी आई-वडील मुलांसमोर थांबत तसे.

अप्पा अशा अवस्थेत काही वर्षं जगले आणि एका पावसाळ्यात साध्या तापाने गेले. मंडळाच्या लोकांनी शोकसभा घेतली. भाषणं चांगली झाली. आई पहिल्या रांगेत बसली होती, तिला रडू आलं नाही. घरी येऊन अक्कांच्या गळ्यात पडली तेव्हा आलं, आणि दोघी जे बोलल्या ते सगळं कानडीत.

आता माझी तक्रार आईबद्दल आहे. सकाळचं कॉलेज आटोपून मी दुपारी भुकेलेली घरी येते, पानं घेते, आणि ती भिंतीपाशी. कुणाची सून, कुणाचं बाळंतपण, कुठल्या दुकानात तूरडाळ बरी, संपतच नाही. परवाही तसंच. आमटी गार होत चालली होती. मी आतून दोनदा हाक मारली.

"बंदे!" तिने ओरडून सांगितलं. आलेच. आणि तिथेच उभी राहिली.